वाळूचा जमाखर्च



मागच्या अंकातल्या लेखात जाता जाता एक आकडा आला होता. जगातल्या समुद्रांची पातळी हल्ली वर्षाला साधारण पावणेचार मिलिमीटरनं वाढते आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला खरमरीत निरोप पाठवला. "अरे, पावणेचार मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढंसुद्धा नाही. आणि पेडण्याकडची माणसं सांगतात की त्यांचा किनारा दहा-दहा मीटर आत आला. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? की हल्ली जे काही बिघडेल ते हवामान बदलाच्या नावावर खपवायची पद्धत पडली आहे?"

प्रश्न रोखठोक आहे आणि बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. मिलिमीटरनं वाढणारं पाणी मीटरनं जमीन कसं खातं? आणि किनारा खचला की दोष कोणाचा, हवेचा की आपला? आज यावरच बोलू. माझं रोजचं काम संगणकाच्या प्रणाली लिहिण्याचं. समुद्रविज्ञान हा माझा पेशा नाही. पण गोव्यात राहून समुद्राकडे पाठ करून बसता येत नाही, म्हणून गेली काही वर्षं जमेल तेवढं वाचत आलो आहे. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. किनारा समजून घ्यायला भौतिकशास्त्रापेक्षा घरखर्चाची वही जास्त उपयोगी पडते. किनारा म्हणजे वाळूचा जमाखर्च, बाकी काही नाही.

चालू खातं आणि मुदत ठेव

पुळणीवरची वाळू हे आपलं बँकेतलं चालू खातं समजा. त्यात दरवर्षी उलाढाल होते. मृगाच्या सुमाराला समुद्र खवळला की उंच, एकामागून एक येणाऱ्या लाटा पुळण खरवडून काढतात. ती वाळू कुठे दूर जात नाही. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, पाण्याखाली तिचा लांबट बांध तयार होतो. त्या बांधावर लाटा आधीच फुटतात, त्यांचा जोर कमी होतो आणि मागचा किनारा वाचतो. म्हणजे समुद्र वाळू नेतो आणि त्याच वाळूची ढाल करून ठेवतो. दसरा-दिवाळीनंतर लाटा शांत झाल्या की हीच वाळू हळूहळू परत वर चढते, आणि शिमग्यापर्यंत पुळण पुन्हा ऐसपैस होते. माझी आजी म्हणायची, "दर्या नेतो आणि दर्याच आणून देतो." तिचं निरीक्षण शास्त्राला धरून होतं.

म्हणून जुलैमध्ये किनाऱ्यावर उभं राहून "सगळं वाहून गेलं" म्हणण्यात अर्थ नाही, आणि फेब्रुवारीत पर्यटकांच्या गर्दीत उभं राहून "छे, काही झालेलं नाही" म्हणण्यातही नाही. धूप झाली का हे पाहायचं तर यंदाच्या मार्चची पुळण वीस वर्षांपूर्वीच्या मार्चमधल्या पुळणीशी ताडून पाहावी लागते. वर्षातली चढउतार वेगळी आणि वर्षानुवर्षं शिल्लक घटत जाणं वेगळं. धूप म्हणायचं ते दुसऱ्या गोष्टीला.

आता पगार. किनाऱ्याला वाळू मिळते ती मुख्यतः नद्यांकडून. सह्याद्रीतून येणारं पाणी पावसाळ्यात दगडगोटे, वाळू, गाळ घेऊन खाली येतं आणि मुखाशी सोडतं. लाटा आणि किनाऱ्याला समांतर वाहणारे प्रवाह ती वाळू आजूबाजूच्या पुळणींना वाटत जातात. तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग या नद्यांनी गोव्याला फक्त पाणी दिलं नाही, वाळूचा पगारही दिला.

आणि मुदत ठेव? ती म्हणजे पुळणीच्या मागे असलेल्या वाळूच्या टेकड्या. वाऱ्यानं उडालेली कोरडी वाळू वनस्पतींच्या आडोशाला अडकत अडकत या टेकड्या तयार होतात. आपल्याकडे पुळणीच्या वरच्या कडेला जमिनीवर पसरणारी, जांभळ्या फुलांची एक वेल असते. बकरीच्या खुरासारखी दुभंगलेली पानं असतात तिची. तिला मराठीत मर्यादावेल म्हणतात. समुद्रानं यावं ते इथवर, अशी खूण करणारी वेल. नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठेवलं असणार, कारण ही वेल वाळू धरून ठेवते आणि टेकडीची पहिली पायरी तिथूनच सुरू होते. एरवी ही ठेव कोणी मोडत नाही. पण दहा-वीस वर्षांतून एखादं मोठं वादळ येतं, तेव्हा समुद्र टेकडीचा पुढचा भाग कापतो, ती वाळू पुळणीत ओततो आणि मागची वस्ती वाचते. अडीअडचणीला मोडायची ठेव असते ना, तशीच.

महागाई

या घरात हवामान बदल कुठे येतो? माझ्या मते तो महागाईसारखा येतो. महागाई एका रात्रीत घर बुडवत नाही. वर्षाला चार-पाच टक्के म्हटलं तर कोणी दचकतही नाही. ज्या घरात पगार नियमित आहे, खर्च आटोक्यात आहे आणि ठेव शाबूत आहे, ते घर कुरकुरत का होईना पण तगतं. ज्या घरात पगार कापला गेला आहे आणि ठेवही मोडून खाल्ली आहे, तिथे तीच महागाई चूल विझवते.

आकडे पाहू. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. पण ही वाढ एकसारखी झालेली नाही. १९०१ ते १९७१ या काळात ती वर्षाला १.३ मिलिमीटर होती, २००६ ते २०१८ या काळात ३.७ मिलिमीटर झाली. १९७१ पासूनच्या वाढीतला साधारण निम्मा वाटा फक्त पाणी तापून फुगल्याचा आहे. उरलेला बराचसा वाटा वितळणाऱ्या हिमनद्या आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकावरच्या बर्फाचा. आपल्या उत्तर हिंदी महासागराबद्दल भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाचा २०२० चा अहवाल सांगतो की १९९३ ते २०१७ या काळात इथली पातळी वर्षाला ३.३ मिलिमीटरनं वाढली.

म्हणजे पंचवीस वर्षांत जेमतेम आठ सेंटिमीटर. बोटभर. मग मीटर कुठून आले?

एक ताट घ्या आणि थोडंसं तिरकं ठेवून त्यात पाणी ओता. पाणी उंचीला जेवढं चढतं, त्याच्या कितीतरी पट ते ताटात पुढे सरकतं. उतार जितका सपाट, तितकी धाव जास्त. वाळूचा किनारा हे असंच ताट आहे. शिवाय वाळू काही स्टीलसारखी घट्ट नाही. पाणी वर आलं की लाटा पुळणीचा वरचा भाग कापून खोल पाण्यात टाकतात आणि आपल्याला सोयीचा उतार पुन्हा घडवतात. पेर ब्रून या अभियंत्यानं १९६२ मध्ये याचा एक ढोबळ नियम मांडला. वाळूचा किनारा पातळी वाढेल त्याच्या साधारण ५० ते १०० पट मागे सरकतो. आठ सेंटिमीटरला हा गुणाकार करून पाहा. चार ते आठ मीटर होतात. हा नियम प्रत्येक किनाऱ्याला तंतोतंत लागू पडत नाही, त्यावर शास्त्रज्ञांमध्ये वादही आहेत. खडकाळ किनारा, खाडीचं मुख, बाहेरून येणारी वाळू अशा गोष्टी त्यात धरलेल्या नाहीत. पण मिलिमीटरचे मीटर कसे होतात, हे समजायला तो पुरेसा आहे.

महागाईचा दुसरा भाग वादळांचा. पूर्वी चक्रीवादळ म्हटलं की बंगालचा उपसागर, हे समीकरण होतं. अरबी समुद्र तुलनेनं थंड, त्यामुळे शांत. तो आता तापला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळांची १५० टक्क्यांनी. २०१९ या एकाच वर्षी अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हाचा अंधार आणि रस्त्यात आडवी पडलेली झाडं आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असतील.

वादळ जवळ यायलाच हवं असंही नाही. डिसेंबर २०१७ मधलं 'ओखी' आठवा. ते गोव्यापासून दूर समुद्रातून गेलं. पण नेमकी दत्तजयंतीची पौर्णिमा होती, म्हणजे उधाणाची भरती, आणि तिच्या पाठीवर बसून वादळाच्या लाटा आल्या. मोरजी, मांद्रे, केरी भागातल्या किनाऱ्यांवर पाणी चढलं आणि हंगामासाठी उभारलेल्या शॅक्सचं नुकसान झालं. उधाण नवीन नाही, लाटाही नव्या नाहीत. पण खालची पातळी बोटभर वर आली की प्रत्येक उधाण त्या बोटभर उंचीवरून सुरुवात करतं. पूर्वी पंचवीस वर्षांत एकदा जिथे पाणी पोहोचायचं, तिथे ते वारंवार पोहोचू लागतं. आणि दोन वादळांमधला काळ कमी झाला, तर वाळू परत वर चढायला उसंतच मिळत नाही.

पगार कोणी कापला, ठेव कोणी मोडली

आता प्रश्नाचा दुसरा भाग, दोष कोणाचा.

चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्रानं १९९० ते २०१८ या काळातली उपग्रह छायाचित्रं वापरून देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्याचा हिशोब मांडला. ३३.६ टक्के किनाऱ्याची धूप होते आहे, २६.९ टक्के किनारा वाढतो आहे आणि उरलेला साधारण स्थिर आहे. राज्यवार पाहिलं तर पश्चिम बंगालचा ६०.५ टक्के किनारा खचतो आहे, केरळचा ४६.४, महाराष्ट्राचा २५.५, कर्नाटकाचा २३.७ आणि गोव्याचा १९.२ टक्के.

गोव्याचा आकडा सगळ्यांत कमी आहे म्हणून हुश्श करायचं कारण नाही. आपला किनारा जागोजागी समुद्रात घुसलेल्या डोंगरकड्यांनी अडवलेला आहे, जांभा आणि काळा खडक सहजासहजी हलत नाही, म्हणून सरासरी खाली येते. १९.२ टक्के म्हणजे जवळपास २७ किलोमीटर, आणि ते बरेचसे वाळूचे. पण या आकड्यांमध्ये मला सर्वांत बोलकी वाटते ती वाढणाऱ्या किनाऱ्याची टक्केवारी. समुद्राची पातळी सगळीकडे वाढते आहे, तरी चौथ्या हिश्शाहून जास्त किनारा पुढे सरकतो आहे. याचा अर्थ सरळ आहे. महागाई सगळ्यांना आहे, पण काही घरांत पगार अजून येतो आहे.

मग आपल्या घरातला पगार कुठे गेला? तिळारी नदी गोव्यात उतरली की पुढे शापोरा होते. तिच्यावरच्या धरणाच्या पाण्यावर आपल्याकडच्या कित्येक घरांची तहान भागते, त्यामुळे धरणाला नावं ठेवायची नाहीत. पण धरण पाणी सोडतं आणि वाळू ठेवून घेतं, हा त्याचा स्वभाव आहे. त्याच्या खाली जी वाळू नदीत उरते, तिच्यावर रात्रीच्या होड्या आणि पहाटेचे ट्रक. शापोरा आणि तेरेखोलमधला वाळूउपसा हा पेडणेकरांना सांगायचा विषय नाही, त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला आहे. घर बांधायला वाळू सगळ्यांनाच लागते, ती मागवणारेही आपणच. पण नदीतून काढलेला प्रत्येक ट्रक हा किनाऱ्याच्या पगारातून कापून घेतलेला असतो.

मुदत ठेव तर आपण उघड उघड मोडली. वाळूच्या टेकड्या हा किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांत सर्वांत संवेदनशील प्रकारात मोडणारा भाग आहे, तिथे बांधकामाला मनाई आहे. कागदावर. प्रत्यक्षात कांदोळी-कळंगुटला गेलं की टेकडी शोधावी लागते. समुद्र दिसत नाही म्हणून सपाट केली, खुर्च्या मांडायला केली, गाड्या लावायला केली. मर्यादावेल तर "कचरा" म्हणून उपटली जाते. मग ओखीसारखं काही आलं की समुद्र ठेव मोडायला येतो आणि खात्यात काहीच नसतं. तेव्हा तो शॅक नेतो, माड नेतो, अंगण नेतो.

हवामान बदलाचा काडीचाही संबंध नसताना किनारा कसा खचू शकतो, याचं उदाहरण आपण गोवेकरांनी बारा वर्षं पाहिलं आहे. जून २००० मध्ये 'रिव्हर प्रिन्सेस' हे खनिजवाहू जहाज कांदोळीसमोर रुतलं. २०१२ पर्यंत ते तिथे होतं. लाटांच्या वाटेत आडवा पडलेला पाव किलोमीटर लांबीचा तो लोखंडी अडथळा. त्याच्या आडोशाला वाळू साचत गेली आणि शेजारचा किनारा खाल्ला गेला. वाळू नाहीशी झाली नाही, तिची वाट बदलली. आपण समुद्रात जे जे उभं करतो, मग तो बंदराचा धक्का असो की दगडी बंधारा, ते एका अर्थी छोटी रिव्हर प्रिन्सेसच असते. एकाच्या खात्यात जमा, शेजाऱ्याच्या खात्यात खर्च.

तेव्हा ज्येष्ठ सभासदांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: दोन्ही. हवामान बदल खोटा नाही आणि तो एकटाही नाही. सगळा दोष त्याच्यावर टाकला की धरणवाले, वाळूवाले, हॉटेलवाले आणि आपण सगळेच मोकळे सुटतो. आणि त्याला अजिबात धरला नाही, तर जे आकडे जुन्या अनुभवावर बसवले आहेत ते पुढच्या पंचवीस वर्षांना पुरणार नाहीत. त्याच आंतरराष्ट्रीय अहवालाप्रमाणे १९९५ ते २०१४ या काळाच्या सरासरीच्या तुलनेत २१०० पर्यंत पातळी, प्रदूषण अगदी आटोक्यात आलं तर २८ ते ५५ सेंटिमीटर आणि ते बेसुमार वाढलं तर ६३ सेंटिमीटर ते १ मीटर वाढू शकते. महागाई वाढणार हे ठरलेलं आहे. किती, तेवढंच आपल्या हातात आहे.

"मला बंधारा पाहिजे"

माझ्या मामाचं घर पेडणे तालुक्यातल्या एका किनारी गावात आहे. घर आणि समुद्र यांच्यामध्ये आता माडांची एक रांग उरली आहे. गेल्या चवथीला जेवणं झाल्यावर मी त्याला हा सगळा जमाखर्च ऐकवला. त्यानं शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाला, "तुझं गणित बरोबर असेल रे. पण आषाढातल्या रात्री पाणी अंगणात येतं तेव्हा गणित कोणाला सुचतं? ग्रामसभेत बंधाऱ्याचा ठराव येतोय. मी हात वर करणार."

त्याला "तू चुकीचा" म्हणायची माझी छाती नाही. ज्याचं घर दहा पावलांवर आहे त्याला पुळणीच्या भवितव्यावर प्रवचन देणं सोपं असतं, विशेषतः आपण पर्वरीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असलो की. पण बंधारा काय करतो आणि काय करत नाही, हे हात वर करण्यापूर्वी माहीत असायला हवं.

दगडी बंधारा मागची जमीन वाचवतो. पुढची पुळण वाचवत नाही. पुळणीच्या उतारावर लाट पसरते, दमते, पाणी वाळूत मुरतं. दगडावर लाट आपटते आणि तशीच मागे फिरते, जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. पाणी वर येत असताना पुळणीला मागे सरकायला जागा हवी असते. मागे भिंत असेल तर ती दोघांच्या मध्ये चिरडली जाते. काही वर्षांत बंधारा राहतो, पुळण जाते. मग पायथा उघडा पडून दगड खचतात, पुन्हा निधी, पुन्हा दगड. रत्नागिरीच्या मिऱ्या गावचे लोक हे वर्षानुवर्षं पाहत आले आहेत. पुळण गेली की रापण ओढायला जागा राहत नाही, होडी वर काढायला जागा राहत नाही, गणपती विसर्जनाला गुडघाभर पाण्यात उभं राहता येत नाही. मोरजीला कासवं अंडी घालायला येतात, त्यांना दगडावर घर करता येत नाही. आणि ज्या पर्यटकांच्या भरवशावर आपण खोल्या बांधल्या, तो दगड बघायला येत नाही.

दुसरी गोष्ट, बंधारा कुठेतरी संपतो. जिथे संपतो, तिथे लाटांचा सगळा राग निघतो. मी मामाला विचारलं, "ठरावातला बंधारा कुठपर्यंत आहे?" त्यानं हातानं दाखवलं. त्याच्या पलीकडचं पहिलं घर त्याच्या चुलत भावाचं आहे. मामा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग पुढे वाढवू." तेही बरोबरच. फक्त असं वाढवत वाढवत गेलं की संपूर्ण किनारा दगडाचा होतो, आणि शेवटच्या टोकाला कोणीतरी असतोच.

याला दुसरे मार्ग नाहीत असं नाही. पुद्दुचेरीला १९८० च्या दशकाच्या शेवटी बंदराचे धक्के झाले, वाळूची वाट अडली आणि शहरासमोरची पुळण गेली. किनाऱ्यावर दगडच दगड राहिले. पुढे राष्ट्रीय संस्थांच्या शास्त्रज्ञांनी तिथे पाण्याखाली एक अडथळा बसवला, बाहेरून वाळू आणून टाकली, आणि एका भागात पुळण परत आली. तोडगा काय होता? वाळू. खात्यात पैसे नसतील तर पैसे भरावे लागतात, भिंत बांधून शिल्लक वाढत नाही. खर्चाचं काम आहे आणि पुन्हा पुन्हा भर घालावी लागते, हे खरं. पण दगडांनाही खर्च येतोच.

जिथे टेकड्या अजून आहेत, मागे जागा आहे, तिथे तर काम स्वस्त आहे. टेकडी सपाट करू नये, तिच्यावरून जायला एकच पायवाट ठेवावी, मर्यादावेल उपटू नये. जिथे जागा उरलीच नाही, तिथे बंधारा लागेल, पण तो एकेका वाड्यासाठी न करता दोन कड्यांच्या मधला सगळा किनारा एकत्र धरून, वाळूचा हिशोब मांडून करावा. आणि काही घरांना मागे सरकावं लागेल. हे म्हणायला जड जातं. मामाला ते मी अजून म्हणू शकलेलो नाही. मागे सरकायचं तर कुठे, कोणाच्या जमिनीत, कोणाच्या पैशानं, हे सरकारनं आणि गावानं आधी ठरवलं नाही तर तो सल्ला म्हणजे "तुमचं तुम्ही बघा" एवढाच उरतो.

आपल्या पूर्वजांनी पाण्याशी वागायची एक रीत घालून दिली आहे. खाजन जमिनी पाहा. खाऱ्या पाण्यापासून शेती वाचवायला त्यांनी बांध घातले, पण बांधाला मानस ठेवली. भरतीला लाकडी दार आपोआप मिटतं, सुकतीला आपोआप उघडतं. पाण्याला पूर्ण अडवलं नाही, त्याला यायजायची वेळ ठरवून दिली. आणि बांधाची डागडुजी ज्याच्या शेताला लागून असेल त्याची, असं म्हटलं नाही. ती सगळ्या गावाची होती, कारण एका जागी बांध फुटला की सगळ्यांचं शेत खारं होतं. किनाऱ्यालाही तोच नियम लागू आहे. वाळूला वाड्याची हद्द कळत नाही.

तेव्हा तुमच्या ग्रामसभेत असा ठराव आला, तर हात वर करण्यापूर्वी चार गोष्टी विचारा. वीस वर्षांपूर्वी, याच महिन्यात पुळण किती रुंद होती? वाळू कुठून यायची आणि ती का थांबली? बंधारा कुठे संपतो आणि त्याच्यापुढे कोण राहतं? दहा वर्षांनी डागडुजी कोण करणार? यांची उत्तरं कंत्राटदाराकडे नसतील, तर घाई नको.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र आपल्या घरात सापडू शकतं, आणि तिथे मला तुमची मदत हवी आहे. जुने अल्बम काढा. सत्तर-ऐंशीच्या दशकात सहलीला, विसर्जनाला, पाहुण्यांना फिरवायला किनाऱ्यावर गेला असाल, तेव्हाचे फोटो. मागे एखादं देऊळ, क्रूस, विहीर, जुनं घर दिसत असेल तर फारच छान, कारण ती आजही तिथेच असेल आणि अंतर मोजता येईल. मागच्या बाजूला साल आणि महिना लिहिलेला असेल तर सोन्याहून पिवळं. फोनवर फोटो काढून मंडळाच्या पत्त्यावर पाठवा. आणि जे किनाऱ्याजवळ राहतात त्यांनी आजपासून दर पौर्णिमेला, भरतीच्या वेळी, एकाच जागी उभं राहून एक फोटो काढून ठेवा. तिथी तीच, म्हणजे भरतीची वेळही जवळपास तीच. कोळ्यांचं जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. पंचांग घरात आहेच.

हे फोटो मी तारखेप्रमाणे आणि गावाप्रमाणे लावून ठेवीन, एवढं काम माझ्या पेशाला जमतं. मामाच्या गावची ग्रामसभा दिवाळीनंतर आहे. त्याआधी त्या गावचे दोन-चार जुने फोटो हाती लागले, तर बरं होईल.

भेटू पुढच्या अंकात.